केतकीचा दृष्टांत

"तुमचा मुलगा रडत नाही, हीच अडचण आहे," शेंबेकर बाई म्हणाल्या.

मला वाटलं होतं, फी राहिली असेल किंवा गणवेशाचं काही असेल. मी म्हटलं, "रडत नाही म्हणजे चांगलंच ना, बाई?"

"जूनमध्ये सगळी रडतात. जुलैत निम्मी रडतात. श्रावण लागला की वर्गात दंगा सुरू होतो आणि आम्ही सुटलो म्हणतो. तुमचा निनाद पहिल्या दिवसापासून गप्प. आला की खिडकीशी जातो आणि घंटा होईपर्यंत तिथून हलत नाही."

शेंबेकर बाई शाळेच्या मुख्याध्यापिका. बालवाडीच्या कल्पनाताई त्यांच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. त्यांना हे सगळं सांगायचं जिवावर आलेलं दिसत होतं.

"गाण्याला येत नाही, चित्रं काढायला येत नाही," त्या म्हणाल्या. "शूला न्यायचं तर उचलून न्यावं लागतं, आणि तिथूनही पळत परत खिडकीशी. डबा अर्धाच खातो. आणि तो रेनकोट."

"रेनकोटचं काय?"

"पाऊस आला की खिडकीतून बाहेर फेकतो. खिडकीखालीच पडतो तो, मागच्या भिंतीच्या अलीकडे. मी जाऊन आणते, पुसते, दप्तराला अडकवते. दुसऱ्या दिवशी पाऊस आला की पुन्हा बाहेर. का टाकलास विचारलं की नुसता बघतो माझ्याकडे. जणू मलाच काही कळत नाही."

"घरी बोलतो हो," मी म्हटलं. "घरी तोंड बंद नसतं त्याचं."

"म्हणूनच म्हणते," शेंबेकर बाई म्हणाल्या, "गणपतीच्या सुट्टीपर्यंत बघू. नाहीच रमला तर या वर्षी घरी ठेवा. पुढच्या जूनला आणा. आणि एकदा कुणाला तरी दाखवून घ्या."

घरी ठेवा म्हणजे मी घरी राहा. डॉक्टर गुळवणींच्या लॅबमध्ये मला नुकतीच नोकरी लागली होती. रक्त काढायला माझा हात हलका आहे असं पेशंट म्हणू लागले होते. पण बाहेर पडताना मला नोकरीची आठवण नव्हती. 'कुणाला तरी दाखवून घ्या' एवढंच कानात होतं.

आम्ही तेव्हा कऱ्हाडला राहत होतो. हे एमआयडीसीत एका कारखान्यात फोरमन होते. सकाळी थोरली केतकी आणि निनू दोघांना स्कूटरवरून शाळेत सोडायचं काम ह्यांचं. केतकी दुसरीत होती. तिची शाळा वरच्या मजल्यावर, निनूची बालवाडी खाली. दुपारी शिंदेमामांची रिक्षा मुलांना घरी आणायची. सकाळच्या त्या धावपळीत दोन वेण्या, दोन डबे, एक हरवलेला मोजा आणि देवासमोरचा दिवा हे सगळं मी एका हाताने करायचे, कारण दुसऱ्या हाताला निनू धरलेला असायचा. तो शाळेत जायला कधीच कुरकुर करायचा नाही. स्कूटरवर पुढे उभा राहून ह्यांना म्हणायचा, "बाबा, चल लवकर." मग खिडकीशी का बसतो, हे कोडं मला काही सुटेना.

ह्यांना सांगितलं, तर हे बूट घालता घालता म्हणाले, "होईल सवय. काही मुलं असतात शांत."

"रेनकोट बाहेर फेकतो म्हणे."

बुटाची नाडी बांधायला ह्यांना जरा जास्तच वेळ लागला. मग म्हणाले, "पोरं काहीही फेकतात."

मला लहानपणापासून कीर्तनाचं वेड. माझ्या माहेरी औदुंबरला देवळाच्या सभामंडपातच माझं बालपण गेलं म्हणा ना. बुवा उभे राहिले, झांजेचा पहिला ठेका पडला की अंगातला सगळा शीण उतरतो, तो अजूनही उतरतो. माझ्या वयाच्या बायका टीव्हीपुढे बसायच्या त्या वेळी मी ओट्यावरचं आवरून रामाच्या देवळात जाऊन बसायचे. हे कधी आले नाहीत. "तुमचं चालू दे," म्हणायचे. विरोधही नव्हता आणि ओढही नव्हती.

त्या देवळात वैजूताई आठल्ये शनिवारी मुलांना कीर्तन शिकवायच्या. स्वतः नऊवारी नेसून खणखणीत कीर्तन करायच्या, पण मुलांपुढे मांडी घालून बसायच्या. केतकीला मी तिथे घातलं होतं. बाकीच्या मैत्रिणींच्या मुली भरतनाट्यमला आणि पोहायला जायच्या, आमची झांजा घेऊन देवळात. शेजारच्या मंगलावहिनी चिडवायच्या, "काय गं, पोरीला बुवा करणार का?" मी म्हणायचे, "होऊ दे की."

वैजूताईंची एक रीत होती. पद त्या स्वतः रचून द्यायच्या, नमन पाठ करून घ्यायच्या, पण दृष्टांत, म्हणजे निरूपण पटवून द्यायला मध्ये सांगायची गोष्ट, ती मात्र मुलाने आपल्या घरातली शोधायची. पुस्तकातली चालायची नाही. आणि घरच्यांना आधी सांगायची नाही.

"घरचे सुधारून देतात," त्या म्हणायच्या, "आणि सुधारली की ती गोष्ट मुलाची राहत नाही."

गोकुळाष्टमीला देवळात मुलांची कीर्तनं ठरली. केतकीला पूर्वरंग आला, म्हणजे कीर्तनाचा पहिला, निरूपणाचा भाग. उत्तररंगातलं आख्यान दुसरी एक मोठी मुलगी लावणार होती. केतकीला वैजूताईंनी पद दिलं होतं:

दिसेना म्हणुनी नाही, असे कसे म्हणशी।
भिंतीपलीकडे उभा, हाक का न देशी॥

घरभर ते पद चालू असायचं. न्हाणीत, जिन्यावर, भात कालवताना. दृष्टांत काय ठरवलास विचारलं की ओठ मिटून मान हलवायची. निनूला मात्र माहीत असावं. दोघं कॉटखाली बसून कुजबुजायची आणि मी गेले की गप्प व्हायची.

"अहो, या वेळी तुम्हाला यायला लागेल," मी ह्यांना सांगितलं. "पूर्वरंग झाला की कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात. मुलांना ते त्यांच्या वडिलांनी करायचं ठरलंय."

"मी? माझ्या पोरीला मी हार घालू?"

"आणि नमस्कारही करायचा. पायावर डोकं ठेवून."

"काहीतरीच."

"तिला नाही हो. नारदाची गादी असते ती. तिथे उभा राहील तो लहान असो मोठा असो, त्याला नमस्कार करायचा. आणि तो तिथून बोलत असताना मध्ये कुणी बोलायचं नाही. माझे आजोबासुद्धा त्यांच्या नातवाच्या पाया पडले होते."

ह्यांनी सुटका नाही हे ओळखून इस्त्रीचा शर्ट काढला.

देऊळ भरलं होतं. पुढे मुलांची गर्दी, मागे आम्ही. कल्पनाताई आलेल्या दिसल्या. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाची बहीणही गाणार होती. निनू ह्यांच्या मांडीवर बसला होता, अगदी ताठ, जणू त्याचाच कार्यक्रम होता.

केतकी उभी राहिली. परकर-पोलकं, गळ्यात वैजूताईंनी दिलेलं उपरणं, तेही दोनदा गुंडाळून, नाहीतर जमिनीला लागत होतं. नमन नीट झालं. पद झालं. आवाज जरा वर लागला होता, पण पेटीवाल्या दामूअण्णांनी सांभाळून घेतलं. मग तिने झांजा खाली ठेवल्या, हात जोडले आणि वैजूताईंसारखी मान जराशी कलती करून म्हणाली,

"तर सज्जनहो, देव दिसत नाही. मग तो आहे कशावरून? तर याला दृष्टांत आमच्या घरातला आहे. माझा धाकटा भाऊ निनाद. तो बालवाडीत जातो."

माणसं हसली. निनूने सगळीकडे बघून घेतलं.

"आमचे बाबा त्याला रोज शाळेत सोडतात. आणि शाळेच्या मागे भिंत आहे, त्या भिंतीच्या पलीकडे बाबा बसून राहतात. घंटा होईपर्यंत. घंटा झाली की ते कारखान्यात जातात. निनादला ते दिसत नाहीत. पण त्याला माहीत आहे की ते आहेत. म्हणून तो रडत नाही."

माझ्या शेजारी ह्यांनी निनूभोवतीचा हात काढून घेतला.

"तो खिडकीतून भिंतीकडे बघतो. खिडकी सोडून गेलं तर बाबांना वाटेल, हा मला विसरला. म्हणून तो गाण्याला पण जात नाही. आणि तो डबा अर्धाच खातो. का? तर बाबा पलीकडे उपाशी आहेत, मग आपण एकट्याने सगळा कसा खायचा? डबा भिंतीवरून जात नाही, तर तो तसाच ठेवतो. हा झाला नैवेद्य."

"वा!" कुणीतरी म्हातारं माणूस मागून म्हणालं.

"आणि पाऊस आला तर तो आपला रेनकोट बाबांसाठी बाहेर टाकतो. तुम्ही म्हणाल, बाबांना तो मिळतो कशावरून? तर परत येतो तेव्हा रेनकोट ओला असतो! कुणी घातल्याशिवाय ओला होईल का?"

देऊळ हसलं, पण ते हसणं वेगळं होतं. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. कल्पनाताईंनी तोंडावर हात ठेवला होता आणि त्या वळून आमच्याकडेच बघत होत्या.

"मी लहान होते तेव्हा बाबा माझ्यासाठी पण बसायचे," केतकी म्हणाली. "मी पण बघितलं नाही. पण मला माहीत होतं. असा विश्वास देवावर पाहिजे. बोला, सियावर रामचंद्र की..."

"जय!" सगळं देऊळ म्हणालं. निनू सगळ्यात मोठ्याने म्हणाला.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

भजन सुरू झालं. वैजूताईंनी ताटातला हार उचलून ह्यांना खूण केली. हे उठले. निनूही त्यांचं बोट धरून निघाला. ह्यांनी केतकीच्या गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला, तो जरा नाकावरही गेला. मग वाकले. लोक वाकतात, डोकं टेकवतात आणि उठतात. हे उठेनात. केतकीला गुदगुल्या होत असाव्यात, तिने एका पायावर दुसरा पाय चढवला. तिने वैजूताईंकडे बघितलं. शेवटी निनूने ह्यांचा शर्ट ओढला, "बाबा, झालं की."

उत्तररंगात काय झालं ते मला आठवत नाही. आयुष्यात ऐकलेल्या कीर्तनांपैकी तेवढंच एक आख्यान माझ्या लक्षात नाही.

सुंठवडा वाटून झाला. मुलं पालखीच्या दांड्यावर चढून खेळायला लागली. आम्ही दोघं देवळाच्या पायऱ्यांवर उभे होतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. मानेला मिठी मारली होती, सोडेना. शिफ्टची वेळ होत आलेली. तोंडातून निघून गेलं, मी इथेच आहे, भिंतीमागे. लगेच सोडलं त्याने."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी त्यानेच विचारलं, आजपण बसणार ना? आता त्याला नाही म्हणू?"

"आणि केतकीला?"

"तिला तर तेव्हा... मला वाटलं विसरली असेल. सगळेच आईबाप सांगतात गं काहीतरी." मग म्हणाले, "रेनकोट माझ्यासाठी टाकतो, हे मला ठाऊक नव्हतं. देवाशप्पथ. डब्याचंही."

ह्यांच्या तोंडून देवाची शपथ मी पहिल्यांदा ऐकली.

"उद्या सांगून टाकतो," हे म्हणाले.

"नको," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "तिने गादीवरून सांगितलंय, देवापुढे, चारचौघांत. तुम्ही भिंतीमागे आहात म्हणून देव आहे, असं सांगितलंय. उद्या तिला कळलं की भिंतीमागे कुणीच नव्हतं, तर?"

"मग काय, रोज जाऊन बसू?"

"बसा थोडे दिवस. रजा काढा."

"आणि मग?"

मग काय, ते मलाही माहीत नव्हतं. वैजूताई उपरणी गोळा करत आमच्यापर्यंत आल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "सौ. कुंभोजकर, काय पोर आहे हो तुमची! पुढच्या आठवड्यात कृष्णाकाठच्या देवळात हाच पूर्वरंग पुन्हा लावू. हाच दृष्टांत."

हे म्हणाले, "ताई, तो दृष्टांत खोटा आहे. मी तिथे बसत नाही."

वैजूताईंनी उपरण्याची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली. मी वाट बघत होते की त्या काहीतरी तोडगा सांगतील, असं बोलतील की सगळं सावरलं जाईल. त्या म्हणाल्या, "गादीवरून चुकीचं बोललं गेलं की ते गादीवरूनच दुरुस्त करायचं, अशी आमच्या गुरूंची शिस्त. दोनदा माझ्यावरही वेळ आलीय."

"चूक तिची नाही," हे म्हणाले.

"म्हणून तर आधी तिला सांगा. धाकट्याला नंतर. तिला दुसऱ्याकडून कळता कामा नये."

"ताई, तिचा विश्वास उडेल," मी म्हटलं.

"उडू दे. तुम्ही आहात ना शेजारी," वैजूताई म्हणाल्या आणि मुलांना पालखीवरून उतरा म्हणून ओरडायला गेल्या.

घरी आल्यावर ह्यांनी केतकीला गॅलरीत बोलावलं. मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं होतं.

"म्हणजे माझ्या वेळी पण नव्हतास?" केतकीचा आवाज आला.

"नव्हतो."

"पाऊस असताना पण?"

"कधीच नाही."

हार तिने अजून काढला नव्हता, त्यातली झेंडूची पाकळी न पाकळी खाली पडत असणार, सकाळी मी ती झाडली. मग ती म्हणाली, "मग रेनकोट?"

"पावसाने भिजायचा. बाहेर पडलेला असायचा ना."

"हां." मग, "पण निनूला तसं वाटत होतं, हे तर खरं होतं ना?"

मला वाटलं आपण बाहेर जावं, पण कणकेचे हात होते. मी तिथूनच म्हटलं, "हो गं. ते खरं होतं."

"मग मी ते सांगितलं होतं," केतकी म्हणाली. "बाबाचं थोडंच."

आज ती स्वतः कीर्तनाला उभी राहते. मी पुष्कळ वेळा ऐकते तिला, पुष्कळ निरूपणं ऐकते. त्या वाक्याच्या पुढे गेलेलं निरूपण माझ्या तरी कानावर आलेलं नाही. तेव्हा मात्र मी पोळ्या लाटत राहिले. दुसऱ्या दिवशी निनूचं काय होणार, ही भीती तशीच होती.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये उशिरा येते म्हणून सांगितलं आणि शाळेपर्यंत गेले. ह्यांनी स्कूटर फाटकाशी न थांबवता वळसा घालून भिंतीच्या मागे नेली. तिथे गटार होतं, एरंडाची झुडपं होती आणि खुंटाला बांधलेली एक शेळी. हे चिखलात उकिडवे बसले, निनूच्या उंचीला आले.

"निनू, बघ. इथे बसायला जागा आहे का?"

निनूने सगळं नीट बघितलं. शेळीकडे जास्त वेळ बघितलं.

"मी इथे बसत नाही. तुला सोडलं की मी कारखान्यात जातो. मी तुला खोटं सांगितलं होतं."

"कारखान्यात पाऊस येतो?"

"नाही. वर पत्रा आहे."

"मग जेवतोस कुठे?"

"कँटीनमध्ये. पोळी असते, उसळ असते." ह्यांना काय सुचलं कोण जाणे, वर म्हणाले, "बुधवारी जिलबी असते."

"जिलबी?" निनूचा खालचा ओठ पुढे आला. "तू जिलबी खातोस?"

आणि त्याने ह्यांच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारायला सुरुवात केली. केतकी म्हणाली, "ए निनू!" मी तिला मागे ओढलं. हे तसेच बसून राहिले, चिखलात, मार खात. मग निनू रडायला लागला. असा रडला की शेळी दोर ताणून लांब गेली. तसाच रडत त्याला उचलून फाटकाशी नेलं, तर तो हात पसरून "नको, नको, मला कारखान्यात ने" म्हणून किंचाळायला लागला. कल्पनाताई धावत आल्या. त्यांनी त्याला ह्यांच्याकडून सोडवून घेतलं, त्यांची वेणी त्याच्या मुठीत होती.

"जा तुम्ही," त्या म्हणाल्या. "वळून बघू नका."

"मी आता कारखान्यात चाललो, निनू," हे ओरडून म्हणाले. "घंटा झाली की रिक्षा येईल. मी संध्याकाळी येईन."

ते सगळं खरं होतं, आणि ते ऐकून तो अजूनच रडला.

असं चार-पाच दिवस चाललं. ह्यांनी त्या दिवसांत जिलबी खाल्ली नाही, हे मला त्यांच्या मित्राकडून नंतर कळलं. कृष्णाकाठच्या देवळातलं कीर्तन मुसळधार पावसामुळे पुढे गेलं.

मग एका दुपारी लॅबमध्ये फोन आला. शेंबेकर बाई होत्या.

"सौ. कुंभोजकर, उद्या जरा येऊन जा. तुमच्या निनादने आज घसरगुंडीवर एका मुलाला ढकललं. वर त्याच्या कानाला चावला. आधी नंबर माझा होता म्हणतो. नुसता आरडाओरडा चाललाय वर्गात."

"खिडकीशी नव्हता?"

"खिडकी?" बाईंचा आवाज बदलला. "नाही हो. आज नव्हता. पण तरी येऊन जा, चावलेल्या मुलाची आई येणार आहे."

संध्याकाळी मी देवासमोर साखर ठेवली. हे नुकतेच कामावरून आले होते, दारात बूट काढत होते. निनू कॉटवरून उड्या मारत होता.

"साखर कशाची, आई?" केतकीने विचारलं.

"तुझ्या भावाने मारामारी केली म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग निनूकडे, मग दारातल्या ह्यांच्याकडे. "कृष्णाकाठच्या देवळात हे सांगू?"

मी बोलायच्या आत हेच म्हणाले, "सांग. आधी माझं सांग, मग हे सांग. मी येईन हार घालायला."